नकोमावशीचं बक्षीस

कुणी आभार मानले की घाबरणारी एकच बाई मी आजवर पाहिली. पायाजवळ विंचू दिसावा तशा त्या मागे सरकायच्या आणि "नको, नको, नको" म्हणत चपला शोधायला लागायच्या. दौंडला आमच्या चर्चच्या आवारातल्या मुलांनी त्यांचं नाव नकोमावशी पाडलं. पुढे मोठी माणसंही त्यांना तेच म्हणू लागली.

चर्चच्या मंडळीत कुणी अंथरुणाला खिळलं की मावशी त्या घरी जायच्या, पाठीच्या जखमा धुवायच्या, चादरी बदलायच्या. एखादी बाई गेली की तिला शेवटची आंघोळ घालायची, पांढरी साडी नेसवायची, केस विंचरायचे, हेही काम त्यांचंच. शिरूरकडच्या गावांत ख्रिस्ती घरं थोडी, कुठे दोन, कुठे एकच. तिथल्या बायकांना या कामाची भीती वाटायची. मग दौंडला फोन यायचा आणि मावशी साबण, टॉवेल, फणी पिशवीत टाकून शिरूरची एसटी धरायच्या.

माझी आई आजारी पडली तेव्हा मी कॉलेजात होते. माझी शाळा इंग्रजी माध्यमाची. कुणी पाण्याचा ग्लास दिला तरी 'थँक यू' म्हणायचं, हे तिथे अंगात भिनवलेलं. पहिल्या दिवशी मावशींनी आईची पाठ पुसली, मी चहा पुढे केला आणि म्हटलं, "थँक यू, मावशी."

त्यांनी उचललेला कप खाली ठेवला. "च्या दे बाय, पन ते नको."

"का?"

"ज्याला हितं मिळालं, त्याचं तिथलं संपलं. शास्त्रातच हाय तसं."

शास्त्र म्हणजे बायबल. मला ती बोलायची एक तऱ्हा वाटली. सगळ्यांनाच वाटायची. पप्पा तर मुद्दाम चिडवायचे, "मावशी, तुम्हाला स्वर्गात बक्षीस म्हणून इतके मुकुट मिळणार की डोकं पुरायचं नाही."

"पुरंल की. लई मोठं डोस्कं हाय माझं. मालक म्हनायचे तसं."

मालक म्हणजे त्यांचा नवरा. रेल्वेत खलाशी होता, एवढंच आम्हाला ठाऊक. त्याच्याविषयी त्या याहून जास्त कधी बोलल्या नाहीत, आणि आम्हीही विचारलं नाही.

आई गेली तेव्हा मी दाराबाहेर उभी होते. आत मावशी तिच्याशी बोलत होत्या. "हात उचलते हां, बाई. पानी कोमट हाय. झालं, झालं." आई जिवंत असतानाही त्यांचा आवाज असाच असायचा. मला आत जाऊन त्यांना मिठी मारायची होती. पण मी तशी पटकन कुणाजवळ जाणारी नाही. शिवाय मिठी म्हणजेही आभारच झाले असते.

मंडळीला मात्र राहवलं नाही. महिला रविवारी मावशींचा सत्कार करायचा, असं चर्चच्या पंचांनी ठरवलं. त्या येणार नाहीत हे माहीत असल्यामुळे महिला मंडळाच्या सेक्रेटरीबाईंनी युक्ती काढली. शिरूरहून एक पाहुण्या येणार आहेत, त्यांना शाल तुमच्या हातून द्यायची, असं मावशींना सांगितलं. मावशी इस्त्रीची साडी नेसून आल्या आणि पहिल्या बाकावर माझ्या शेजारी बसल्या.

"पाहुनी दिसत न्हाई कुठं," त्या माझ्या कानात म्हणाल्या.

तेवढ्यात उपासना चालवणाऱ्या पाळकसाहेबांनी माइकवरून हसत जाहीर केलं, "आणि आजच्या पाहुण्या म्हणजे आपल्या मावशीच!" दोघी-तिघींनी त्यांना धरून पुढे नेलं. अंगावर शाल आली, हातात नारळ आला. मग पाळकसाहेब बोलत राहिले. कुणाच्या जखमा, कुणाचं बाळंतपण, कुठल्या गावची कुठली बाई. मावशींनी कधी कुणाला न सांगितलेलं सगळं त्यांनी घरोघर फिरून गोळा केलं होतं. सगळी मंडळी उभी राहून टाळ्या वाजवत होती. मीही वाजवत होते.

मग मी मावशींच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि माझे हात थांबले. आईच्या आजाराचं सांगायला डॉक्टर वॉर्डातून बाहेर आले त्या दिवशी पप्पांचा चेहरा असाच झाला होता.

"पाळकसाहेब, काय केलंत हे तुमी?" त्या म्हणाल्या. माइक जवळच होता, सगळ्यांनी ऐकलं. लोक कौतुकाने हसले. मावशींनी शाल काढली, तिची घडी घातली, वर नारळ ठेवला आणि बाजूच्या दाराने निघून गेल्या.

त्या मला चर्चमागच्या नळापाशी सापडल्या. खाली मातीत बसल्या होत्या, इस्त्रीच्या साडीसकट. तोंड उघडं होतं आणि आवाज येत नव्हता. माझ्या मागोमाग पेढ्यांची डिश घेऊन सेक्रेटरीबाई आल्या.

"अहो मावशी, किती ते लाजायचं!"

"लाजत न्हाई, बाई." मावशींना आवाज फुटला. "आमचं लेकरू तापानं गेलं तवा मालकांनी शास्त्र चुलीत घातलं. परत चर्चची पायरी चढले न्हाईत. जातानासुदिक प्रभूला शिव्याच होत्या तोंडात. तवाचे पाळक म्हनले, त्यांना सर्गाचं दार बंद. मंग मी ठरवलं, आपन करत ऱ्हायाचं, आन् हितं कायबी घ्यायचं न्हाई. तिथं मुगुट द्यायला बोलावलं की म्हनायचं, प्रभू, हे ऱ्हाऊ द्या. त्यापरीस त्यांना आत घ्या." त्यांनी पदराने तोंड पुसलं. "आता काय दावू? माझं समदं तर आज देऊन टाकलं की तुमी. शालीत आन् नारळात."

सेक्रेटरीबाईंच्या हातातली डिश तिरकी झाली आणि पेढे मातीत पडले. त्यांनी ते उचललेही नाहीत. "अहो, पण देव काय इतका..." त्या म्हणाल्या.

तारण, म्हणजे स्वर्गातला प्रवेश, देवाच्या कृपेने मिळतं, एकाने दुसऱ्यासाठी ते कमवता येत नाही, असं आम्ही शाळेत स्क्रिप्चरच्या, म्हणजे बायबलच्या तासाला शिकलो होतो. ते वाक्य माझ्या ओठांपर्यंत आलं आणि मी ते गिळलं. ज्या 'नको'ला आम्ही इतकी वर्षं हसलो ते कुणासाठी होतं, हे कळल्यावर मी त्यांच्या शेजारी मातीत बसले.

संध्याकाळपर्यंत ही गोष्ट मंडळीतल्या घराघरांत पोचली. पाळकसाहेब मावशींच्या दाराशी दोनदा जाऊन आले. दार उघडलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी शिरूरकडच्या केंदूरहून फोन आला. एक म्हातारी गेली होती. मावशींना निरोप कोणी द्यायचा यावर पंच एकमेकांकडे बघत राहिले. शेवटी मी गेले. मला वाटलं होतं, त्या हो म्हणणार नाहीत. त्यांनी निरोप ऐकला आणि पिशवी काढली.

"मावशी, आता कशाला?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"म्हंजी?"

"आता त्याचं... तिथे तर काही..."

"आगं, म्हातारी थंड पडलीया तिथं. तिला काय करायचंय माझ्या मुगुटाचं?" त्यांनी साबण शोधला. "चल, येतीस का? पानी वतायला कुनीतरी लागतं."

मी गेले. शिरूरपर्यंत एसटीत त्यांनी पिशवी मांडीवर धरून ठेवली. केंदूरला मी पाणी ओतलं आणि त्या म्हातारीशी बोलत राहिल्या, कोमट पाण्याविषयी, तिच्या लांब केसांविषयी. माझी भीती तिथेच कुठेतरी गेली. त्यानंतर फोन आला की आम्ही दोघी जायचो.

पुढच्या उन्हाळ्यात मावशी झोपेतच गेल्या. त्यांना आंघोळ मी घातली. सेक्रेटरीबाई मदतीला होत्या. पाठीवर पाणी सोडताना त्यांना हुंदका आला. "किती केलं हो यांनी," त्या म्हणाल्या, आणि दचकून माझ्याकडे बघितलं. मग खालच्या आवाजात म्हणाल्या, "फणी दे गं."

चर्च भरलं होतं. शिरूरकडच्या गावांतूनही माणसं आली होती. आमच्याकडे शवपेटी बंद करण्याआधी लोक पुढे येऊन मयताविषयी चार शब्द बोलतात. साध्या माणसालाही आठ-दहा जण तरी मिळतात. पाळकसाहेबांनी चष्मा काढून पुसला आणि विचारलं, "कुणाला काही बोलायचंय?"

मावशींनी ज्यांचं केलं होतं ती सगळी घरं तिथे बसली होती. पप्पा माझ्या शेजारी होते, त्यांनी पुढच्या बाकाची कड घट्ट धरली होती. पाळकसाहेब थांबले. बराच वेळ थांबले.

कोणीही उठलं नाही.