खर्ज कोणी धरला?

लाकडी काडी माझ्या हातात होती आणि खाली ऑर्गन वाजवणाऱ्या मॅडम लिम टाळ्या वाजवत होत्या. शाबासकीच्या नव्हेत. 'थांबा' म्हणायच्या.

सिंगापूरच्या हौगांग भागातल्या एका चर्चमधल्या पाइप ऑर्गनच्या पोटात मी उभा होतो. मी मूळचा मिरजेचा, पेट्या दुरुस्त करणारा. शाळा चौथीत सुटली, कान सुटले नाहीत. इथे आल्यावर देवळांच्या, भजनी मंडळांच्या पेट्या केल्या, मग ऑर्गन दुरुस्तीचा धंदा असलेल्या मिस्टर टॅननी आपल्याकडे कामावर घेतलं. ऑर्गन म्हणजे तरी काय, घराएवढी पेटी. भाता तसाच, फक्त विजेवर भरतो. पट्टी दाबली की लांब काडी झडप ओढते आणि हवा पाइपात जाते. खर्जाच्या पट्ट्या तेवढ्या पायांनी वाजवायच्या. इथल्या दमट हवेत लाकूड फुगतं, झडप मिटत नाही, आणि पट्टी सोडली तरी सूर बोंबलत राहतो. त्याला आमच्या धंद्यात सायफर म्हणतात.

त्या शनिवारी तालीम होती. अडीच-तीनशे वर्षांपूर्वीचा कुठलासा जर्मन टोकाटा, म्हणजे बोटांची करामत दाखवणारी रचना. सुरुवातीलाच खर्जातला सा लागला तो सुटेचना. वर उजवा हात पळतोय, डावा मागून तेच बोलतोय, आणि खाली सा आपला चालूच. इतका वेळ कोण पाय दाबून बसतं? मी काडी सोडवली. खर्ज गेला. तालीमही गेली.

मिस्टर टॅन शिडी चढून आले आणि इथल्या धाटणीच्या इंग्रजीत म्हणाले, "अंकल, दॅट वन इज द म्युझिक, लाह."

मग त्यांनी समजावलं. पायानं एकच सूर धरून ठेवायचा, त्यावर दोन हातांनी एकमेकांचा पाठलाग करायचा. नंतर हात गप्प बसतात आणि पाय एकटेच धावतात. हीच या रचनेची गंमत. मी म्हटलं, म्हणजे तंबोराच की. आधी सांगायला काय झालं होतं? त्यावर ते म्हणाले, उद्या कार्यक्रमाला देणगीदार येणार आहेत. पुन्हा न विचारता हात लावलात तर परत पेट्याच दुरुस्त करत बसा.

मलाही राग आला. नाही लावत हात, म्हटलं. घरी बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "तुम्ही आणि हात लावणार नाही? बघूच."

रविवारी चर्च भरलेलं. टॅन पहिल्या रांगेत, मी आत, हाताची घडी घालून. सा लागला, हात पळाले. मग पायांची पाळी आली. पाय धावायला लागले तरी सा चालूच. मी म्हटलं, वा! पुढे हातांचा पाठलाग परत सुरू झाला, आता पाय पंचमावर. षड्ज-पंचम एकदम, नुकत्या जुळवलेल्या तंबोऱ्यासारखे. मी डोळे मिटून मान डोलावली.

डोळे उघडले तर टॅन ऑर्गनच्या दारात वाकून उभे, गळ्यावरून बोट फिरवत होते. "सायफर!" ते कुजबुजले.

मी म्हटलं, "दॅट वन इज द म्युझिक."

"अंकल, बंद करा तो."

"काल तुम्हीच सांगितलंत, हात लावायचा नाही."

मला वाटलं, परीक्षा घेताहेत. ते स्वतः आत शिरायला बघत होते, पण आतली वाट एकच माणूस मावेल एवढी, आणि तिच्यात मी.

टोकाटा संपला. मॅडमनी हात उचलले. पाय तर सगळ्यांना दिसतील असे वर धरले. सा चालूच. टाळी कोणी वाजवेना. देणगीदार एकमेकांकडे बघायला लागले. गाणं संपल्यावर तंबोराही खाली ठेवतात, तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. झडपेला टिचकी मारली. सूर थांबला आणि त्याच क्षणी टाळ्यांचा कडकडाट झाला.

टॅन म्हणतात, त्या टाळ्या मॅडमना होत्या. माझ्या टिचकीनंतर वाजल्या एवढं मला माहीत आहे. सोमवारी ते मला काढणारच होते. पण एका देणगीदारानं त्यांना निरोप पाठवला होता, शेवटचा लांबवलेला सूर ऐकून अंगावर काटा आला. मग काढतात कसले? पंचमाबरोबर तो सा शोभत होता, हे मात्र मॅडम अजून कबूल करत नाहीत.

मी ऑर्गनच्या आत एक छोटा आरसा लावून घेतलाय. त्यात मॅडमचे फक्त पाय दिसतात. सूर धरलाय की अडकलाय, हे कितीही तयार कान असला तरी सांगत नाही. आधी पाय बघावेत.