सात-शून्य

सात-शून्यकाकांनी मला फसवलं. दर रविवारी, बुकित पंजांगच्या बॅडमिंटन कोर्टावर, माझ्याच संमतीने.

सामना सुरू होण्याआधीच ते सात गुणांनी पुढे असायचे, म्हणून हे नाव. पुण्यात विमा कंपनीत त्यांनी जन्मभर लोकांचे क्लेम तपासले आणि बहुतेक नाकारले. निवृत्तीनंतर मुलाकडे सिंगापूरला आले आणि स्वतःचा एक क्लेम घेऊन माझ्यासमोर उभे राहिले.

"स्टॅटिनची गोळी चालू आहे रे. कोलेस्टेरॉल उतरवते आणि पोटऱ्यांतला जोरही घेऊन जाते. दहा गुण दे."

मी बंद पडलेल्या ऑफिसांचं फर्निचर घेऊन विकतो. इथे रिकाम्या हाताने आलो आणि घासाघीस करूनच उभा राहिलो. "तीन," मी म्हणालो.

"आठ."

"पाच."

"सात, आणि नंतरची कोपी माझ्याकडून." कोपी म्हणजे इथली कॉफी.

घरी जाऊन बायकोला ऐटीत सांगितलं, म्हाताऱ्याला दहावरून सातवर आणला.

ते सर्व्हिस नेमकी एलआरटीची छोटी ट्रेन डोक्यावरच्या पुलावरून जाताना करायचे. माझी मान वर आणि शटल माझ्या पायाशी. हरलो की मी रॅकेट आपटायचो. ते ती उचलून आणून देत. "तिला कशाला मारतोस? तिला कुठे कोलेस्टेरॉल आहे!"

मग माझाही रिपोर्ट बिघडला आणि मलाही तीच गोळी लागली. काही दिवसांनी पोटरी धरली तेव्हा मी लंगडत पण आनंदाने कोर्टावर गेलो. "काका, आता शून्य-शून्य!"

त्यांनी मला बाकावर बसवलं. "कुठली पोटरी?"

"उजवी."

"आणि डावी?"

"ठीक आहे."

"गोळीला डावं-उजवं कळत नाही. ती दुखवते तेव्हा सहसा दोन्हीकडे. काल काय उचललंस?"

"कपाट."

"क्लेम नामंजूर." मग आवाज उतरवून म्हणाले, "पण दुखतंय म्हणून गोळी आपल्या मनाने सोडायची नाही. डॉक्टरला विचारायचं. आणि लघवी कोऱ्या कोपीसारखी काळपट झाली, तर मॅच टाकून तडक दवाखाना गाठायचा. त्या दिवशी सातही गुण तुझे."

ते कायमचे पुण्याला निघाले त्या दिवशी मी निरोपाला गेलो. त्यांच्या सुनेला म्हटलं, "तिकडे गोळीचा त्रास वाढला तर?"

ती हसली. "कसला त्रास? इथे आले त्याच वर्षी डॉक्टरांनी गोळी काही आठवडे बंद करून पाहिली. पाय तसेच दुखत होते. मग मी त्यांच्या त्या सपाट चपला फेकल्या, चांगले बूट आणले, आणि थांबलं. गोळी पुन्हा सुरू केली, तरी परत काही दुखलं नाही."

माझं डोकं फिरलं. काका बॅगेवर बसून चेन ओढत होते. "काका, खाली चला! आत्ताच्या आत्ता, शून्य-शून्य!"

"टॅक्सी आलीय."

"मग इतके दिवस सात गुण कशाचे घेतलेत?"

"पास झालेली फाईल आम्ही परत उघडत नाही." चेन लागली. माझ्याकडे न बघता ते म्हणाले, "अरे, सात नसते तर तू मला पहिल्याच रविवारी हरवलं असतंस. हरलेल्या म्हाताऱ्याशी पुढच्या रविवारी कोण खेळतं?"

बॅग मीच खाली नेली.

आता आमच्याच ब्लॉकमधला एक तरुण इंजिनिअर माझ्याशी खेळतो. पहिल्याच दिवशी मी म्हटलं, "मी स्टॅटिनवर आहे. दहा गुण दे."

"कुठली पोटरी, अंकल?"

"दोन्ही!"

तो हसत सुटला. "काका सांगूनच गेलेत, तुम्ही दोन्ही म्हणाल."

काका, पुण्यात बसून हसू नका. माझे सात गुण कुठे आहेत? उत्तर द्या. आणि ते फोनवर चालणार नाही, रॅकेट घेऊन खाली या.