लोहाराचा वर राहिलेला हात

सोमवार, सोळा जून. सकाळचे साडेदहा. त्या वेळी अण्णांनी ‘हलते गाव’ उतरवायला घेतले. पहिली पाळी विहिरीवरच्या बाईची होती. तिच्या हातातली कळशी काठावर नीट टेकली आहे ना, हे त्यांनी बोटांनी चाचपून पाहिले आणि मगच पाना उचलला. बाहुलीचा हात वर असताना तिला थांबवायचे नाही, हा त्यांचा नियम होता. आमची ओळख झाली त्याच दिवशी त्यांनी तो मला सांगितला होता आणि कारणही एका वाक्यात दिले होते. ‘हात वर ठेवून कुणाला झोप लागते का, साहेब?’

बेंगळुरूच्या बाहेर एक मनोरंजन उद्यान आहे. त्याचे नाव येथे देत नाही. सरकारी विमान कारखान्यातून निवृत्त झाल्यावर मी तेथे यंत्रांच्या सुरक्षिततेचा सल्लागार म्हणून जाऊ लागलो. दर गुरुवारी, आणि काही विशेष काम निघाले तर मधल्या दिवशीही, उद्यानाची गाडी मला बनशंकरीहून नेते. पाळण्यांचे ब्रेक, पट्टे, जोड तपासायचे आणि धोका असेल तर तसे लिहून द्यायचे, एवढेच माझे काम. अण्णा तेथे माझ्या कितीतरी आधीपासून होते. मूळचे पुण्याचे, गणपतीत मंडळांसाठी हलते देखावे करणारे कारागीर. त्यांचा एक देखावा उद्यानाच्या जुन्या मालकांनी पाहिला आणि कारागिरासकट उचलून येथे आणला. लोखंडी सांगाड्यावर कागदाचा लगदा चढवून केलेल्या, माणसाएवढ्या बाहुल्यांचे ते एक पूर्ण गाव होते. विहिरीवरची बाई, तेली, कुंभार, परीट, देवळातला पुजारी. आणि सर्वांत मोठा, ऐरणीवर घण घालणारा लोहार. उद्यानातले कामगार त्यांना ‘गोंबे अण्णा’ म्हणत. कन्नडमध्ये गोंबे म्हणजे बाहुली.

त्या गावाच्या जमिनीखाली एक लांब दांडा फिरत असे आणि सगळ्या बाहुल्या त्याच एका दांड्यावर चालत. प्रत्येकीचा खटका मात्र वेगळा होता. अण्णा सगळे गाव एकदम सुरू करीत नसत. आधी पुजाऱ्याची घंटा, मग विहीर, मग तेलघाणा, अशा क्रमाने गाव जागे होई, लोहार शेवटी. खेळ संपला की उलट क्रमाने एकेक खटका पाडीत आणि प्रत्येक हात खाली आला की मगच पुढच्याकडे वळत. या झोपवण्याला खेळाइतकाच वेळ लागे. ते पाहायला कुणी थांबत नसे. अण्णांना त्याची पर्वा नव्हती.

एकदा भर खेळात वीज गेली. दालनात अंधार, प्रेक्षक ओरडत होते. अण्णा विजेरी घेऊन दोरीपलीकडे गेले आणि अडकलेला एकेक हात चाक फिरवून खाली आणू लागले. ‘अण्णा, आधी लोकांना बाहेर काढा!’ असे पहारेकरी कन्नडमध्ये बजावत होता. ‘त्यांना पाय आहेत, ते जातील,’ अण्णा म्हणाले. वीज आली तेव्हा सगळे गाव शांत बसले होते आणि प्रेक्षक निघून गेले होते. त्या खेळाबद्दल वरून जाब विचारला गेला. अण्णांनी तो मुकाट ऐकला. पुढच्या वेळी वीज गेली तेव्हा त्यांनी पुन्हा तेच केले.

खेळाचे निवेदन ते स्वतः करीत. ध्वनिमुद्रित आवाज लावायला त्यांनी कधीच मान्यता दिली नाही. कन्नड, हिंदी, तमिळ आणि मराठी यांचे एक स्वतंत्र मिश्रण त्यांच्या तोंडी होते. लोहार घण उगारू लागला की ते म्हणत, ‘स्वल्प मागं सरका, ठिणगी उडते.’ ठिणगी कसली, ऐरणीखाली एक तांबडा दिवा होता. पण पूर्वी मुले खरोखर मागे सरकत. अलीकडे सरकेनाशी झाली. हे प्रथम अण्णांच्याच लक्षात आले. एका गुरुवारी मी दालनात उभा असताना ते वाक्य बोलले आणि पहिल्या रांगेतला एक मुलगा हातातल्या फोनवरून नजर न काढता तसाच उभा राहिला. खेळ संपल्यावर अण्णा म्हणाले, ‘बघितलंत? पोर जागचं हललं नाही. आता माझं गाव हललं काय आणि न हललं काय.’

कौतुक त्यांना सहन होत नसे. सहलीला आलेल्या एका शिक्षिकेने ‘किती सुंदर!’ असे म्हटले, तेव्हा त्यांनी तिला घाण्याकडे बोट दाखवून ऐकवले, ‘सुंदर काय त्यात, अक्का? तेली बैलाला मारतोय.’ जेवणाचा डबा ते बाहेर कधी खात नसत. विहिरीच्या काठावर बाईशेजारी बसून खात. त्यांचा मुलगा होसकोट्याच्या एका कारखान्यात यांत्रिक हात चालवतो. तो बापाला चिडवी, ‘अण्णा, आमच्याकडचे हात दिवसरात्र वरच असतात. झोप नाही, चहा नाही.’ अण्णा त्याला उत्तर देत, ‘म्हणून तुझा चेहरा तसा झालाय.’

मग उद्यानाचा कारभार नव्या लोकांकडे गेला. पुण्याहून आलेला अनिकेत नावाचा तरुण व्यवस्थापक झाला. त्याने ‘हलते गाव’ काढून तेथे डोळ्यांवर चष्मे लावून, हलत्या खुर्चीत बसून पाहण्याचा नवा खेळ आणायचे ठरवले. या विषयावर उद्यानात बरेच बोलले गेले. जुन्या कामगारांना वाईट वाटले. माझे मत मी तेव्हाही स्पष्ट सांगितले होते. मनोरंजन उद्यान हे वस्तुसंग्रहालय नव्हे. ज्याला प्रेक्षक उरला नाही, त्याने जागा रिकामी करावी. नवे आणण्यात गैर काही नाही. अण्णा भांडतील अशी अनिकेतची अपेक्षा होती, आणि तो बोलण्याची तयारी करून आला होता. अण्णा एवढेच म्हणाले, ‘देखावा दहा दिवसांचा असतो. अकराव्या दिवशी मांडव उतरतो. इथं कुणी उतरवला नाही म्हणून मी बसून राहिलो. फक्त उतरवणार मी. दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही.’

अनिकेतने ते आनंदाने मान्य केले. वर आपल्या परीने एक चांगली गोष्टही योजली. सगळे गाव नाहीसे करायचे नाही, लोहार ठेवायचा. त्याच्यावर फायबरचा थर चढवून नव्या खेळाच्या दारापाशी, शेडखाली उभा करायचा. लोक त्याच्याबरोबर फोटो काढतील. घण अर्थातच वर उगारलेला.

अण्णा त्याच्या खोलीत गेले तेव्हा मी तेथेच बसलो होतो.

‘लोहार ठेवा,’ ते म्हणाले. ‘पण हात खाली ठेवा.’

‘अहो अण्णा, हात खाली असला तर तो कोण आहे हेच कळणार नाही. फोटोत अ‍ॅक्शन नको का?’

‘घण टेकवून बसलेला लोहार कधी पाहिला नाहीत?’

‘खरं सांगू? कुठलाच लोहार पाहिलेला नाही.’

‘मग तुम्ही दिवसभर हात वर करून दारात उभे राहा. मी फोटो काढतो.’

अनिकेत हसला. त्याला वाटले, म्हातारा विनोद करतो आहे. ‘अण्णा, तुमचीच आठवण राहील म्हणून करतोय हो हे सगळं.’

‘माझी आठवण खाली ठेवा. हातही खाली ठेवा.’

अनिकेत वाईट माणूस नव्हता. त्याला अण्णांचे म्हणणे खरोखरच कळले नाही. नकाशा वर मंजूर झाला आहे, असे सांगून त्याने विषय संपवला.

अण्णा माझ्या मागोमाग बाहेर आले. पाळण्याखालच्या सावलीत त्यांनी मला थांबवले. इतक्या वर्षांत त्यांनी माझ्याकडे काही मागितले नव्हते.

‘साहेब, तुम्ही होकार दिल्याशिवाय इथं काही उभं राहत नाही ना?’

‘नाही.’

‘मग लिहून द्या, हात वर ठेवला तर पडेल. लोकांना धोका आहे.’

‘पडेल का?’

‘नीट आधार दिला तर नाही पडणार.’

‘मग कसे लिहू?’

‘एका ओळीचं तर काम आहे.’

‘ओळ खोटी आहे, अण्णा.’

‘माझ्यासाठीसुद्धा नाही?’

‘नाही.’

‘सरी, बरं,’ ते म्हणाले आणि दालनाकडे चालू लागले.

या प्रसंगाविषयी मला पुढे काही जणांनी टोचून बोलून दाखवले. त्यांना मी दिलेले उत्तर येथे नोंदवतो. पाळण्याखाली मुले उभी असतात. माझ्या एका ओळीवर विसंबून त्यांचे आईबाप त्यांना वर बसवतात. ती ओळ मी मैत्रीसाठी एकदा वाकवली, तर ती कायमची वाकडी. आजही मी ती लिहिणार नाही. त्यापुढे अण्णा माझ्याशी बोलत राहिले, पण कामापुरते. डबा खाताना मला हाक मारणे त्यांनी बंद केले.

‘हलते गाव’ गेल्यावर ते फार दिवस राहिले नाहीत. चामराजपेटेतली खोली सोडून होसकोट्याला मुलाकडे गेले आणि पावसाळा संपता संपता वारले. विशेष आजार नव्हता. मी एकदा भेटून आलो होतो. चहा झाला, हवापाण्याचे बोलणे झाले. लोहाराचा विषय त्यांनी काढला नाही, मीही काढला नाही. निरोप घेताना मी नमस्कार केला. त्यांनी मान हलवली. ते वारल्याचे कळताच मी गेलो, तेव्हा अंत्यविधी उरकला होता. मुलगा म्हणाला, ‘काका, ते शेवटी-शेवटी दोन्ही हात पांघरुणात घेऊन झोपायचे. बाहेर राहिले तर मला हाक मारून आत घ्यायला लावायचे.’

त्या सोमवारी मात्र त्यांचे हात चांगले चालत होते. विहिरीवरची बाई, पुजारी, परीट असे करीत दुपारपर्यंत सगळे गाव जमिनीवर आडवे झाले. बाहुल्यांचे काय करायचे, असे अनिकेतने विचारले. ‘सांगाडे भंगारात द्या. बाकी भिजवा. लगदा होतो,’ अण्णा म्हणाले. मागच्या बाजूला एक वापरात नसलेली टाकी होती. तिच्यात कामगारांनी बाहुल्यांची शिरे आणि धडे सोडली. थोड्या वेळाने कुंभाराचे नाक गेले, मग परटाचा चेहरा. एक कामगार ‘अय्यो’ म्हणाला. अण्णा टाकीकडे फिरकले नाहीत.

उरला लोहार. तपासणीसाठी म्हणूनच मला त्या दिवशी बोलावले होते. त्याचा हात वर करून पाठीमागून सळईचा आधार द्यायचे काम उद्यानातल्या वेल्डरकडे दिले होते. त्याने एक पातळ सळई घाईने, तिरकी टाकली. अण्णा बाजूला उभे राहून पाहत होते. वेल्डरने काम झाल्याचे सांगितल्यावर त्यांनी घण धरून नुसता हलवला. वेल्डिंगचा टाका सुटला.

मी म्हणालो, ‘हे चालणार नाही.’

अण्णांनी माझ्याकडे पाहिले. हे काम मी नाकारले होते. दुसऱ्यांदाही ते असेच झाले असते, तर लोहाराचा हात कदाचित खालीच राहिला असता. ते त्यांना कळत होते, मलाही कळत होते. ते काही न बोलता उभे राहिले असते तरी पुरे होते.

‘उद्या एखादं पोर लोंबकळेल याला,’ ते म्हणाले. ‘आण इकडे.’

त्यांनी वेल्डरच्या हातातला, डोळ्यांसमोर धरायचा काळा पडदा घेतला. खांद्यामागचा लगदा कापून लोखंड उघडे केले. जाड पट्टी मापून कापली, खांद्यापासून कमरेपर्यंत बसवली, आणि दोन्ही टोकांना सलग टाका घातला. मध्ये एकदा थांबून त्यांनी कोन पुन्हा तपासला, कारण घण सरळ दिसत नव्हता. पट्टी निवेपर्यंत ते पाठ फिरवून उभे होते.

‘साहेब, लोंबकळा.’

माझ्या वयाला ते शोभणारे नव्हते. पण तपासणी म्हणजे तपासणी. मी दोन्ही हातांनी घण धरला आणि पाय उचलले. हात तसूभरही खाली आला नाही.

‘ठीक आहे,’ मी म्हणालो.

‘ठीक आहे ना? मग लिहा तसं.’

मी तसे लिहिले. अनिकेतने दोघांचे आभार मानले, लोहाराशेजारी उभे राहून स्वतःचा एक फोटो काढून घेतला आणि तो गेला. वेल्डरने सामान आवरले. अण्णांनी लगद्याचे तुकडे झाडून एका कोपऱ्यात केले. मग पिशवीतून तेलाची बुधली काढली आणि शिडीवर चढून लोहाराच्या खांद्याच्या सांध्यात थेंब थेंब तेल सोडू लागले.

‘आता कशाला, अण्णा? तो हलणार नाही.’

‘दारात उभा राहणार. पावसाची झड लागेल. गंजेल.’

सांध्याच्या दुसऱ्या बाजूने तेल दिसेपर्यंत त्यांनी बुधली धरून ठेवली. कोपरापर्यंत आलेला ओघळ फडक्याने पुसला, बुधलीचे झाकण घट्ट लावले आणि शिडी घडी करून भिंतीला लावून ठेवली.