सगळ्यांत लांब ओळ आधी

आईला शाळेत पाठवलं असतं, तर ती आज कोण असती? मला खरंच सांगता येत नाही.

आज दुपारपर्यंत जावा या संगणकाच्या भाषेत आकड्यांचं ट्री, म्हणजे वरून खाली फांद्या फुटत जाणारी आकृती, नीट छापून दाखवलं नसतं, तर माझी नोकरी पक्की झाली नसती. खालच्या फांद्या सारख्या एकमेकींत घुसत होत्या.

दारात कोलम, म्हणजे ठिपक्यांची रांगोळी, घालून आलेल्या आईनं स्क्रीन बघितला. "काय गे, कोलमावरनं शेळी गेली?"

"हसू नको, आई!"

"मग वरनं कशाला सुरू करतेस? सगळ्यांत लांब ओळीचे ठिपके आधी घालायचे."

ट्रीची सगळ्यांत लांब ओळ शेवटची; मी तिची रुंदी आधी काढली, मग वरचे आकडे मधोमध बसवले. ट्री सरळ उभं राहिलं!

तुम्हाला घरात असं कुणी शिकवलंय? मी कोडच्या वर माझ्याआधी आईचं नाव लिहिलं आणि कंपनीला पाठवून दिलं.