लिनच्या घरचा आग्रह

शनिवारी सकाळी युट्रेख्टहून निघाले तेव्हा वर्ग बंद करावा की काय, हाच विचार डोक्यात होता. मी मूळची पुण्याची. इथे नेदरलँड्समध्ये, फेल्डहोवनला राहणाऱ्या चिनी इंजिनिअरांच्या बायकांना इंग्रजी शिकवते. महिना होत आला, पण वर्गात कुणी चकार शब्द काढेल तर शपथ.

आइंडहोवनला गाडीतून उतरून बस पकडली. सपाट शेतं, सायकलींचे लाल रस्ते आणि छत्री उघडायची सोय नाही असा वारा. वर्ग लिनच्या घरी भरतो. दारात पाहुण्यांसाठी सपाता मांडलेल्या, आत गेल्या गेल्या हातात साध्या गरम पाण्याचा पेला. पहिल्यांदा वाटलं होतं, मला आजारी समजतात की काय! त्यांच्याकडे तोच पाहुणचार.

सोमवारी लिनला मुलाच्या शिक्षिकेला भेटायचं होतं. मुलगा शाळेत बोलत नाही म्हणून बोलावणं आलं होतं. दर वेळी तिचा नवरा वेई बोलतो आणि ही नुसती मान हलवते. या वेळी तिला स्वतः बोलायचं होतं. वर्गात मी तिला शिक्षिकेशी बोलायचा सराव करायला सांगितला, तर ती खाली बघत बसली. चारचौघींत चुकलं तर लाज जाईल, ही भीती.

वर्ग संपला, बाकीच्या गेल्या. मला मात्र लिनने जेवायला ठेवून घेतलं. जेवायला जियाओत्झ (कोबी-अंड्याचं सारण भरून उकडलेल्या करंज्या). पानात टाकायचं नाही, हे अंगात मुरलेलं. मी बशी पुसून स्वच्छ केली. लिनने ती पुन्हा भरली. मी पुन्हा संपवली. रिकामी बशी म्हणजे पाहुणा अजून उपाशी, हे वेईने हसत हसत सांगेपर्यंत माझं पोट तुडुंब भरलं होतं.

"आता पुरे," मी बशीवर हात आडवा धरला.

"पुरे नाही," लिन चक्क इंग्रजीत म्हणाली. "तुम्ही बारीक. तुमची आई मला रागावेल. खा."

मी चमकलेच. मुद्दाम म्हटलं, "का खाऊ? कारण सांगा."

मग काय, बाई थांबेचना. बाहेर थंडी आहे, घर लांब आहे, हे सारण तिने पहाटे उठून केलंय! व्याकरणाचा पार भुगा, पण कळत सगळं होतं. तवा तापलाय तोवर मी म्हटलं, "आता मी तुमच्या मुलाची शिक्षिका. सांगा, तो बोलत का नाही?"

ती जरा थांबली. "त्याला येतं. पण वाक्य बरोबर होईपर्यंत तो थांबतो. माझ्यासारखा."

मला भरून आलं.

दोघं मला स्टेशनवर सोडायला आली. त्यांच्या मोटारीत मी उरलेल्या जियाओत्झचा डबा मांडीवर घेऊन बसले होते. तोही नको नको म्हणताना गळ्यात पडलेला. वाटत होतं, परक्या भाषेत धीर येतो तो पुस्तकामुळे थोडाच? कुणाला तरी पोटभर खाऊ घालायचं असलं की माणूस बोलायला लागतो. वर्ग बंद करायचा विचार मी तिथेच सोडून दिला.

फलाटावर वेई म्हणाला, "सोमवारी मी अर्धा दिवस रजा घेतलीय."

लिन त्याच्याकडे वळली. "सोमवारी तू ऑफिसला जा," ती म्हणाली. मलाही कळावं म्हणून इंग्रजीत म्हणाली.