साबणाच्या डबीतलं सर्किट

आधी चहा संपवा, मग सांगते. मध्येच हसू आलं आणि ठसका लागला, तर त्याचंही खापर माझ्यावरच फुटेल. मी इंजिनियर झाले ही गोष्ट खरी, पण कशी झाले ते विचारू नका. विचारलंत? बरं, ऐका तर.

नवं शतक नुकतंच लागलं होतं. शहापूरजवळचं आमचं कॉलेजही नवंच, भिंतींना रंग लागायचा होता. शेवटच्या वर्षाला प्रोजेक्ट करावं लागायचं. करावं म्हणजे काय, विकत आणावं लागायचं. आमच्या तानसाचं पाणी मुंबईला जातं आणि मुंबईची तयार प्रोजेक्टं आमच्याकडे येतात, अशी जुनी देवाणघेवाण आहे. माझ्या वर्गात त्या वर्षी एकाच दुकानातले चार ट्रॅफिक सिग्नल आले होते. अख्ख्या तालुक्यात तेवढे नसतील.

मला मात्र सर म्हणाले, तू काहीतरी समाजोपयोगी कर. मी कुकरच्या शिट्टीला दचकणारी मुलगी, सरांना नाही कुठून म्हणणार?

आमच्या गावी, शेणव्याला, शेजारी काथोडआजा आणि ठमाआजी राहायचे, भातगिरणीला अगदी खेटून. आजाला कमी ऐकू यायचं. कुठल्याशा शिबिरात त्याला कानाचं मशीन फुकट मिळालं होतं, ते त्याने रुमालात बांधून खुंटीला टांगलं होतं. ते लावलं की डोक्यात गिरणी फिरते म्हणायचा. खरंच होतं ते. मशीन बिचारं सगळंच मोठं करायचं, ठमाआजीही आणि गिरणीही.

तिथे मला कल्पना सुचली. माणूस बोलताना चढतो, उतरतो, मध्ये थांबतो, श्वास घेतो. गिरणी श्वास घेत नाही. म्हणजे थांबत थांबत येतो तो आवाज बोलण्याचा, आणि सलग येतो तो गोंगाट. एवढा फरक ओळखणारं सर्किट करायचं. बोलणं असेल तर कानात सोडायचं, गोंगाट असेल तर दार बंद. सोपं वाटतं ना? सहा महिने मी बोटं भाजत होते. शेवटी ते सगळं एका साबणाच्या डबीत बसलं.

पहिल्यांदा आजाच्या कानाला लावलं तेव्हा गिरणी चालूच होती. ठमाआजीने विचारलं, भाकर वाढू का. आजा म्हणाला, वाढ. मग त्याने मान वळवून गिरणीकडे पाहिलं, बंद पडली की काय म्हणून. पट्टा तर फिरत होता! मी तिथल्या तिथे रडले.

दोन दिवसांनी ठमाआजी दारात हजर. "तुझा यंत्र नासका हाय गो. भाकर म्हटला तर आयकतो, मी एका दमात भांडाया लागली का नाय आयकत."

आजा मात्र खूश होता. म्हणाला, "यंत्र जाम गुणाचा हाय. हात नको लावू."

तुमच्या लक्षात आलंच असेल. माझ्या आलं नाही. मला वाटलं, सोल्डरचा डाग सुटला असणार. घाम पुसत मी सगळे जोड पुन्हा डागले.

परीक्षेच्या दिवशी आजाला एसटीने कॉलेजात आणलं. बाहेरून आलेले परीक्षक शांत, चष्म्यावरून बघणारे. त्यांनी नापास केलं की वर्ष गेलं, आणि वर्ष गेलं की वडील लग्नाचं बघणार होते. त्यात संस्थेचे अध्यक्ष भाषणाला उभे राहिले. तळागाळातला माणूस, ग्रामीण प्रतिभा, एकविसावं शतक, सगळं एका दमात. कुठे स्वल्पविराम नाही. आजाने डबी हलवली, थोपटली, आणि भर सभेत मला म्हणाला, "पोरी, बंद पडला गो."

भाषण संपलं, टाळ्या झाल्या. परीक्षक आजाजवळ गेले आणि हळूच म्हणाले, आजोबा, जेवलात का? आजा म्हणाला, जेवलो ना सायब, तुमी?

म्हणजे चालू होतं. मग मघाशी बंद का होतं? परीक्षक माझ्याकडे वळले. सर्किट कसं चालतं ते सांग म्हणाले.

आणि मी सुटले. सर हे सर्किट आधी आवाज घेतं मग त्याची पातळी मोजतं मग ती सलग आहे का ते बघतं आणि मघाशी बंद पडलं ते खरं तर पडलं नव्हतं सर डाग सुटला असेल पण मी कालच डागला होता सर म्हणजे परवा...

कुणीतरी पाण्याचा ग्लास दिला तेव्हा थांबले.

परीक्षकांनी आजाला विचारलं, मुलीने काय सांगितलं?

"कंची मुलगी?"

"ही. आत्ता बोलत होती ती."

आजाने माझ्याकडे बघितलं. चेहऱ्यावर केवढी दया. "ही बोलत व्हती? मना वाटला, पोर घाबरून नुसता तोंड हालवते."

सगळा हॉल हसला. अध्यक्ष जरा उशिरा हसले, कारण त्यांना आपल्या भाषणाचंही कळलं होतं.

परीक्षकांनी डबीला जोडलेल्या ऑसिलोस्कोपच्या स्क्रीनवरची रेघ मला दाखवली. माझ्या आवाजाची. कुठे खड्डा नाही, गिरणीच्या पट्ट्यासारखी सलग. मग चष्मा काढून शांतपणे म्हणाले, "सर्किट बरोबर असेल, तर तू तोंडी परीक्षेत काही बोललीच नाहीस. बोललीस असं धरलं, तर सर्किट चुकलं. काय लिहू?"

बघा आता. सहा महिन्यांची मेहनत एका बाजूला, आणि दुसऱ्या बाजूला मी. एकेक शब्द ओढून काढावा लागला.

"सर. सर्किट. बरोबर आहे."

आजाचा चेहरा उजळला. परीक्षकांच्या बाहीला हात लावून तो म्हणाला, "सायब, आता बोलली बगा. लिवा, पोरीला बोलता येतं."

त्यांनी तसंच लिहिलं. प्रोजेक्टला पैकीच्या पैकी, तोंडीला जेमतेम पास. आयुष्यात पहिल्यांदा मी थांबून, श्वास घेऊन, नीट बोलले होते. आणि काय बोलले? तर मी गोंगाट आहे.