मिस शेवंतीचा आवाज

छापलेली बातमी आठवड्यात रद्दीत जाते. न छापलेली पोटात राहते, आणि पोटात ती एकटी राहत नाही, आणखी चार गोळा करते. निजामाच्या राज्यात आमच्या साप्ताहिकाचं छापण्यापेक्षा न छापण्याचंच काम जास्त. इथं परवानगी नाही, तिथं मर्जी नाही, मधेच कुणाची तरी इभ्रत आडवी! चार मित्र जमले, चहा आला, की त्यातली एकेक बाहेर पडते. आज द्वारकाबाईंच्या गोष्टी सांगतो. बाई आता नाहीत. आबासाहेबही नाहीत. माझा राग मात्र ठणठणीत आहे.

*

मी औरंगाबादच्या कॉलेजात होतो तेव्हा फिल्म मुकी होती. छावणीच्या मैदानात तंबू पडायचा. पडद्यावर माणसं नुसती तोंडं हलवायची आणि मधे मधे कार्ड यायचं, त्यावर बोलणं लिहिलेलं. निम्म्या पब्लिकला वाचताच यायचं नाही. म्हणून तंबूवाल्यानं कार्डं मोठ्यानं वाचायला एक मुन्शीजी ठेवले होते.

मुन्शीजी दिवसा शाळाखात्याच्या कचेरीत कारकून. साहेबाला कळलं तर नोकरी जाईल, म्हणून ते पडद्याच्या मागं लपून बसायचे आणि तिथनं वाचायचे. पडद्यामागं अक्षरं उलटी दिसतात! पण मुन्शीजींना उलटं वाचायची इतकी सवय झाली, की पुढं आमच्या छापखान्यात आले की जुळवलेल्या खिळ्यांचं पान ते प्रूफ काढायच्या आधीच घडाघडा वाचायचे.

राजाचं कार्ड आलं की आवाज विहिरीतनं यायचा. आणि मिस शेवंतीचं कार्ड आलं की बारीक, नाजूक, थरथरता! आमच्या शहराची सगळ्यात लाडकी नटी म्हणजे मिस शेवंती. एका फिल्ममध्ये ती राजाला विषाचा पेला पिण्यापासून अडवू बघते. "ठैरो महाराज! प्याले में जहर है!" त्या 'जहर'वर मुन्शीजी असा हेल काढायचे, की बायकांच्या बाजूला हुंदके सुरू व्हायचे. पुरुषांची बाजू ओरडायची, "फिर से! फिर से!"

पडद्यावर बिचारा महाराज पिऊन आडवा झालेला असायचा आणि इकडं मुन्शीजी त्याला दुसऱ्यांदा थांबवत असायचे!

खेड्यातनं आलेल्या कित्येकांना शेवटपर्यंत वाटत राहिलं, की बाईच बोलते.

*

त्याच तंबूत माझ्या पुढच्या बाकावर एक गृहस्थ बसायचे. उपरण्यानं डोकं, कान, नाक झाकलेलं, उघडे फक्त डोळे. मिस शेवंतीची फिल्म असली की हजर, आणि 'फिर से'मध्ये आवाज सगळ्यात मोठा.

एकदा जोरात ओरडताना उपरणं घसरलं. आमच्या शहरातले आबासाहेब! देवळात दर गुरुवारी नीतीवर बोलणारे, मुलींच्या शाळेच्या कमिटीवर बसणारे.

मी म्हणालो, "नमस्कार, आबासाहेब!"

ते म्हणाले, "कोण आबासाहेब?"

*

मग टॉकी आली आणि मिस शेवंती पडद्यावरनं गेली ती गेलीच. पाच-सहा वर्षांनी मी रिपोर्टर झालो तेव्हा कानावर आलं, की मराठी मुलींच्या शाळेत शिवण आणि तिसरीचा वर्ग घेणाऱ्या ज्या नव्या द्वारकाबाई आहेत, त्या म्हणजे तीच. मूळच्या आपल्या मुकुंदवाडीच्या. छावणीत दोन खोल्या घेऊन राहतात.

मी वही-पेन्सिल घेऊन गेलो. कडी वाजवली. आतून आवाज आला, "कोण हाय?"

मला वाटलं, घर चुकलं. एखाद्या फौजदाराला शोभावा असा घोगरा आवाज! इतकी वर्षं मी मनात मुन्शीजींचा आवाज धरून बसलो होतो. दार उघडलं तर चेहरा तिचाच.

"पेपरवाले का?" बाई म्हणाल्या. "बसा. चहा घ्या. छापायचं मात्र नाय."

मी वही खिशात घातली. रिपोर्टरनं वही खिशात घालणं म्हणजे काय, हे रिपोर्टरलाच कळतं! पण चहा चांगला होता.

*

फिल्मच्या दिवसांत बाईंनी जाहिरातींनाही तोंड दिलं होतं. साबण, बिस्किटं आणि एक केशवर्धक तेल. त्या तेलाच्या लेबलावर मिस शेवंती पाठमोरी उभी, मान वळवून बघतेय, आणि केस गुडघ्याखाली. ते कॅलेंडर आमच्याकडं न्हाव्याच्या दुकानापासून वैद्याच्या ओट्यापर्यंत सगळीकडं टांगलेलं.

छावणीतल्या बायका पाण्याला आल्या की बाईंच्या खांद्यापर्यंतच्या वेणीकडं बघायच्या. शेवटी एकीनं धीर केला. "बाई, ते तेल लावायचं सोडलं म्हणून गळाले व्हय?"

"नाय गं," बाई म्हणाल्या. "ते केस टोपाचे. तोंड तेवढं माझं."

"आणि तेल?"

"ते लावलं म्हणून तर टोप घालावा लागला!"

*

फिल्म का सोडली, असं मी एकदा विचारलं. बाई शिवणाचं मशीन थांबवून हसल्या.

"बारा वर्षं कामं केली. पाचदा विष पिले, तीनदा नदीत उडी, एकदा वाघ. तोंडातनं शब्द नाय. मग टॉकी आली. स्टुडिओत आवाजाची परीक्षा. व्हिलन हात धरतो आणि मी म्हणायचं, 'नहीं, नहीं, मुझे छोड़ दो!' डायलॉग पाठ केला. त्या माणसानं हात धरला तो असा खस्सकन, की मी घाबरलेच. आणि घाबरल्यावर माणसाच्या तोंडातनं घरचंच येतं."

"काय आलं?"

"नक्को! नक्को जी! मेरेकू छोड़ो!"

सगळा स्टुडिओ हसून लोळला म्हणे. डायरेक्टर म्हणाला, बाई, ही राजकन्या आहे, औरंगाबादची भाजीवाली नाही. बाईंनी टोप काढून त्याच्या हातात दिला आणि घरी आल्या. बोलत्या फिल्ममध्ये त्यांचा एक शब्दसुद्धा नाही.

"वाईट नाही वाटलं?" मी विचारलं.

"वाटलं की! पण स्टेशनवर उतरले, टांगेवाल्याशी दोन गिऱ्हाइकं घासाघीस करत होती. एक म्हणतंय नक्को, दुसरं म्हणतंय नक्को, घोडा सोडून सगळे नक्को! मी म्हटलं, चला, इथं आपला डायलॉग बरोबर हाय."

*

शाळेच्या मोठ्या बाईंपासून त्यांनी काहीच लपवलं नव्हतं. मुलाखतीलाच सांगितलं, मी फिल्ममध्ये होते.

मोठ्या बाई म्हणजे जुन्या वळणाच्या विधवा, पण डोकं साफ. त्यांनी विचारलं, "तिथं काय करायचात?"

"बारा वर्षं न बोलता काम केलं."

"मग उद्यापासून या," मोठ्या बाई म्हणाल्या. "माझ्या इथं सगळ्या बोलणाऱ्याच आहेत."

*

सगळं छान चाललं होतं. मग आबासाहेबांची नीती जागी झाली. त्यांनी शाळाखात्याकडं उर्दूत दरखास्त दिली: सिनेमातली बाई आमच्या लेकींना शिकवते, तिला काढा. उपरण्यातनं डोळे फाडून बघणारा हा माणूस! माझ्या अंगाची लाही लाही झाली. मी त्याच दुपारी अग्रलेख लिहिला. तंबू, बाक, उपरणं, 'फिर से', एक गोष्ट सोडली नाही. लेख घेऊन बाईंकडं गेलो.

बाईंनी पूर्ण वाचला आणि घडी करून परत दिला.

"झकास लिहिलंय. पण आबासाहेब मला बघायला तंबूत बसत होते, हे तुम्ही सिद्ध केलं, की पडद्यावर मी होते हेही सिद्ध झालं. ते तोंड धुवून घरी जातील. जाईन मी."

कॉलेजात लॉजिक शिकलो होतो, पण हे काही सुचलं नव्हतं!

"चौकशीत विचारलं तर नाही म्हणा ना," मी म्हणालो. "सरळ नाही म्हणा."

"ते नाय व्हायचं. विचारलं तर व्हय म्हणणार. पोरींना खोटं बोलू नका म्हणून रोज ओरडते मी." मग म्हणाल्या, "तिकडं बारा वर्षं लोक मला बघत होते. इथं पोरी मला बाई म्हणतात. एवढं राहू द्या, बस्स."

तो लेख मी फाडला. माझ्या नोकरीत मी फाडलेला तो एकच लेख, आणि तोच सगळ्यात चांगला होता!

*

शाळाखात्याचे जिल्ह्याचे अधिकारी म्हणजे मोहतमीम साहेब. हैदराबादचे, कडक, कायद्याला चिकट. त्यांनी ठरवलं, की आधी निदान एका साक्षीदारानं सांगायचं, मी या बाईंना फिल्ममध्ये पाहिलं. तक्रारीत दम दिसला तरच बाईंना बोलवायचं. सगळं अडलं होतं ते या साक्षींवर. एकदा का बाईंना बोलावलं, की त्या हो म्हणणार आणि नोकरी संपणार.

साक्षी शाळेतच झाल्या. साहेबांशेजारी लिहायला त्यांचे कारकून, आपले तेच मुन्शीजी! दाढी आता छातीपर्यंत आली होती. मोठ्या बाईंना उर्दू येत नव्हती, साहेबांना मराठी, म्हणून दुभाष्या म्हणून मी. मुन्शीजींनी माझ्याकडं एकदा बघितलं आणि नजर कागदावर टाकली. त्यांची एकच सवय, कुणी काहीही बोललं की आधी विचारायचं, "लिखूं क्या, हुजूर?"

पहिला साक्षीदार खुद्द तंबूवाला. "हुजूर, मैं तो बाहर टिकट फाड़ता था. अंदर क्या चलता, अल्ला जाने!"

"लिखूं क्या, हुजूर?"

"लिखिए."

दुसरा तंबूतला पेटीवाला. "मी पब्लिककडं तोंड करून वाजवायचो, साहेब. पडदा माझ्या पाठीला. फिल्म म्हणाल तर मी एकपण बघितली नाय."

तिसरे एक मास्तर. "मी एकदाच आत गेलो, तेही भावाला शोधायला. भाऊ सापडला, लगेच आलो." त्यांच्यापाठोपाठ भाऊ आला. तो मास्तरांना शोधायला गेला होता!

दहा वर्षं तो तंबू तुडुंब भरत होता, आणि अख्ख्या औरंगाबादेत फिल्म बघितलेला एक माणूस निघेना! मग त्या बाकांवर बसायचं कोण, जिन्न? एरवी मी अशा ढोंगावर तीन कॉलम लिहिले असते. त्या दिवशी प्रत्येक 'नाही'ला मनातल्या मनात हात जोडत होतो.

*

हा शेवटचा किस्सा. आठवला की अजून छातीवरचा दगड उतरतो.

साक्षीदार कुणी उरला नाही, तेव्हा आबासाहेब स्वतः उठले. उपरणं नीट खांद्यावर. भिंतीपलीकडं द्वारकाबाईंचा तिसरीचा तास चालू होता. मोठ्या बाईंनी टेबलाखाली माझं मनगट घट्ट धरलं होतं.

साहेबांनी विचारलं, "आपने द्वारकाबाई को फिल्म में देखा है?"

आबासाहेब घुटमळले. हो म्हणावं तर गुरुवारची प्रवचनं गेली. नाही म्हणावं तर तक्रार गेली.

"देखा नहीं, साहब. मी तंबूत पाय टाकला नाही कधी. पण रस्त्यानं जाताना आवाज कानावर पडायचा. मिस शेवंतीचा आवाज! तो मी कुठंही ओळखेन. तोच या बाईंचा."

मी ते उर्दूत सांगितलं, शब्दाला शब्द.

"क्या अल्फाज सुने आपने?"

"ठैरो महाराज, प्याले में जहर है."

"लिखूं क्या, हुजूर?"

"लिखिए. और पढ़कर सुनाइए, फिर दस्तखत लीजिए."

आबासाहेब सही करायला पुढं झाले आणि खाली वाकून खिशात चष्मा शोधू लागले. मुन्शीजी कचेरीच्या सपाट सुरात बयान वाचू लागले. तंबूत पाय टाकला नाही. रस्त्यानं जात असताना. आवाज कानावर पडला. तो असा...

मुन्शीजी थांबले. दाढीवरनं हात फिरवला. डोळे मिटले. आणि त्या दाढीतनं बारीक, नाजूक, थरथरता आवाज निघाला.

"ठैरो महाराऽऽज! प्याले में जहऽऽर है!"

"हाच!" आबासाहेब वाकल्या वाकल्या ओरडले. "यही, साहब! यही आवाज! शंभर माणसांत ओळखेन!" बोट पुढं करूनच ते ताठ झाले. बोट मुन्शीजींच्या दाढीपासून वीतभर लांब.

तेवढ्यात भिंतीपलीकडून घोगरा आवाज आला, "ए पोरींनो! दंगा नक्को!"

मोहतमीम साहेबांनी भिंतीकडं बघितलं. मग आबासाहेबांच्या बोटाकडं. मग बोट जिकडं होतं तिकडं.

"मुन्शीजी," ते म्हणाले, "आप फिल्मों में थे?"

मुन्शीजींनी टाक दौतीत बुडवला.

"लिखूं क्या, हुजूर?"